पेन्शनवर आलेला माणूस

कोकणात फौजी निवृत्त होत नाही, तो 'पेन्शनवर येतो'. दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि सरकारी 'सेवानिवृत्त' या शब्दापेक्षा मला तो अधिक नेमका वाटतो, कारण माणसाचे गावी परतणे आणि परतल्यावर त्याने कशावर जगायचे, या दोन्ही गोष्टी त्यात एका दमात सांगून झालेल्या असतात. आपली जाहीर चर्चा मात्र सन्मानाभोवती फिरते. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात माजी सैनिकाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, शाल-श्रीफळ मिळते, सात डिसेंबरला ध्वजदिन निधीसाठी आवाहने निघतात, आणि भाषणे आटोपली की हवालदार शालीची घडी पिशवीत घालून घरी जातात. शालीला माझी हरकत नाही. आमच्या घरात अशा अकरा शाली आहेत, कोकणातल्या थंडीला त्या जरा जास्तच होतात एवढेच.

माझे म्हणणे असे आहे की, सामान्य सैनिकाच्या बाबतीत खरा प्रश्न पेन्शनचा आहे. आणि ती पेन्शन केलेल्या सेवेची बक्षिसी किंवा म्हातारपणाची सोय म्हणून जेवढी महत्त्वाची आहे, त्याहून अधिक ती गावातल्या कोणाच्याही हातात नसलेले उत्पन्न म्हणून महत्त्वाची आहे. ज्याची भाकरी गावाच्या मर्जीवर अवलंबून नाही, तो माणूस गावात वेगळ्या आवाजात बोलतो. भरतीची आणि पेन्शनची धोरणे दिल्लीत ठरतात तेव्हा सैन्याची गरज आणि तिजोरीचा भार या दोन गोष्टी तोलल्या जातात. गावातला हा आवाज कोणत्याच पारड्यात पडत नाही.

मुळात पेन्शनवर येणारा माणूस म्हातारा नसतो. पंधरा वर्षे नोकरी झाली की जवानाला पेन्शनचा हक्क मिळतो आणि शिपाई, नाईक, हवालदार या हुद्द्यांवरची बहुतेक माणसे पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान घरी येतात. माझे वडील १९६८ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९८८ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. मी सातवीत होतो, बहीण दुसरीत. भातशेती सव्वा एकर, तीही सातबाऱ्यावर चौदा नावे असलेली. वरकस जमिनीत करवंदीची जाळी आणि चार रायवळ आंबे. पेन्शन तीन आकडी होती. वर्षभर त्यांनी शेती करून पाहिली आणि मग मुंबईला जाऊन एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन जे उभे राहिले, ते पंधरा वर्षे. एकाहत्तरच्या लढाईत पूर्व आघाडीवर असलेल्या माणसाला याचे वैषम्य वाटत असेल असे कोणालाही वाटेल, पण त्यांच्या तोंडून ते मी कधी ऐकले नाही. त्यांची तक्रार पायांची होती. बर्फातल्या एका पोस्टिंगनंतर त्यांच्या पायांची बोटे बधिर झाली होती आणि आठ तास उभे राहिले की घोटे सुजत.

गावी असलेल्या त्या एका वर्षातच एक प्रकार घडला, जो मला पेन्शनचा अर्थ समजावून गेला. आमच्या वाडीतून पाणवठ्याकडे जाणारी पाणंद एका बागायतदाराने चिऱ्यांचा गडगा घालून बंद केली. बावीस घरांतल्या बायकांना पाण्यासाठी ओढ्याच्या अंगाने वळसा पडू लागला. संध्याकाळी देवळात बैठका झाल्या, तावातावाने बोलणी झाली, पण तहसीलदारांच्या नावाने अर्ज लिहून झाला तेव्हा सहीला कोणी पुढे येईना, कारण वाडीतली निम्मी माणसे त्याच बागेत राखणीला आणि आंबे काढायला जात आणि उरलेल्यांनी त्याच्याकडून उचल घेतलेली होती. अर्जावर पहिली सही वडिलांनी केली आणि दुसरी बौद्धवाडीतल्या एका पेन्शनर नाइकाने. तिसरी सही मिळायला चार दिवस लागले. वडील शूर होते म्हणून त्यांनी सही केली असे मी म्हणणार नाही. घरात ते आईच्या पुढे फारसे बोलत नसत. दर महिन्याला पोस्टातून येणारे ते तीन आकडी पैसे बागायतदाराला थांबवता येण्यासारखे नव्हते, एवढेच कारण पुरेसे होते.

ही गोष्ट आमच्या गावापुरती नाही, आणि नवीही नाही. दापोलीला जुनी माणसे आजही 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांची छावणी तिथे होती आणि पलटणीतून मोकळे झालेले शिपाई तिथेच घरे करून राहत. मुंबई इलाख्याच्या फौजेत तेव्हा महार शिपायांची संख्या मोठी होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हवालदार म्हणून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांचे विचार त्यांनी आपलेसे केले होते. १८८८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राधार कोणता, असे उच्चवर्णीयांना विचारणारी पुस्तिका छापली, वर्तमानपत्रांत लेख लिहिले, आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यावरून वाद उठला. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीत राहिले, आणि त्यांच्या धाकट्या मुलाने पुढे देशाच्या राज्यघटनेचा मसुदा लिहिला.

या दोघांची नावे आपण घेतो तेव्हा त्यांच्या बुद्धीचे आणि धैर्याचे श्रेय त्यांना देतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्या भोवतालची व्यवस्था कशी होती तेही पाहायला हवे. सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या आणि गावावर जमीनदारासारखी सत्ता चालवणाऱ्या खोताच्या गावात कुळाला त्याच्यापुढे उभे राहायची सोय नव्हती. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. महाराला तर वतनाची कामे आणि त्या बदल्यात मिळणारे बलुते हीच भाकरी होती, आणि भाकरी देणाऱ्याला तुमच्या धर्माचा आधार दाखवा असे विचारता येत नाही. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेला आणि सरकारी खजिन्यातून दरमहा पैसे मिळणारा महार पेन्शनर हा त्या काळच्या कोकणात बलुत्याविना जगू शकणारा विरळा माणूस होता. प्रश्न अनेकांच्या मनात असतील. तो छापण्याची ऐपत त्याच्यापाशी होती.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. कोणत्या जाती लढवय्या आणि कोणत्या नाहीत, याची जी यादी लष्करी वरिष्ठांच्या डोक्यात तयार झाली होती तिच्यात महार बसत नव्हते. वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्याचे दलित पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट लंडनमधल्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली, आणि महार रेजिमेंटसाठी थेट १९४१ उजाडावे लागले. हे सारे एका समाजाच्या मानापमानाचे प्रकरण म्हणून सांगितले जाते, आणि ते तसे आहेच. पण त्या अर्जांकडे मी आणखी एका बाजूने पाहतो. भरती बंद होणे म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी गावात येणारी पेन्शन बंद होणे, आणि वलंगकरांसारखी माणसे ज्या जमिनीवर उभी होती ती जमीनच पुढच्या पिढीच्या पायाखालून काढून घेणे.

आमच्या गावातही पेन्शनचा अर्थ दोन वाड्यांत सारखा नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. आमच्या वाडीत पेन्शन ही शेतीला आणि गिरणीतल्या भावाच्या मनिऑर्डरीला मिळालेली जोड होती. बौद्धवाडीत ती कणा होती. त्या अर्जावर दुसरी सही करणाऱ्या नाइकाच्या घरातली दोन मुले आज शिक्षक आहेत, आणि त्यांचे वडील पेन्शनवर आले नसते तर ती मुले त्याच बागेत राखणीला गेली असती, असे त्यांच्यातला थोरला मला सरळ सांगतो.

अशा या पेन्शनला आपण कसे वागवतो ते आता पाहू, आणि इथे मी माझ्या आईचे उदाहरण देतो. वडील २०१६ साली गेले. लष्करात प्रत्येक जवानाच्या कागदात त्याच्या लग्नाची, मुलांच्या जन्माची नोंद 'पार्ट टू ऑर्डर' निघून होते आणि तीच पुढे डिस्चार्ज बुकात आणि पेन्शनच्या आदेशात उतरते. आईचे माहेरचे नाव चंद्रभागा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले सासरचे नाव सुलभा. वडिलांनी पलटणीतल्या कारकुनाला १९७४ साली कोणते नाव सांगितले कोण जाणे, त्याने लिहिले 'चंद्राबाई'. आधार कार्ड सुलभाचे, पेन्शनच्या आदेशावर चंद्राबाई, शाळेच्या दाखल्यावर चंद्रभागा. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला अकरा महिने लागले. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, तलाठ्याचा अहवाल, सरपंचांचा दाखला, पोलीसपाटलांची साक्ष, एवढे सारे जमवून चाळीसहून अधिक वर्षे संसार केलेल्या बाईला ती हवालदाराची बायकोच आहे हे सिद्ध करावे लागले. एका कार्यालयात तिला दोन साक्षीदार घेऊन या असे सांगितले, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "लग्नाला आलेली माणसं आता जिती कोण आहेत?"

मी कमावता होतो म्हणून ते अकरा महिने निघाले. पण त्यानंतर आसपासच्या गावांतले लोक कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले आणि मला कळले की आईचे प्रकरण अपवाद नव्हते. जिथे लग्नात बाईचे नाव बदलायची रीत आहे आणि नोंद करणारा कारकून परमुलखातला आहे, तिथे नावाचा घोळ होणारच. नुकसान मात्र त्याच व्यक्तीचे होते जिच्यापाशी दुसरे काही नाही. विधवेचे साधारण कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के असते. म्हणजे नवऱ्यामागे आधीच कमी झालेली रक्कम, तीही नावातल्या एका अक्षरावर अडलेली. नवरा असेपर्यंत जी बाई गावात 'हवालदारीण' होती, तिला या काळात पुन्हा भाऊबंदांच्या दारात उभे राहावे लागते.

पूर्वी पेन्शन पोस्टातून, नंतर बँकेतून मिळे. आता 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून ती थेट खात्यात जमा होते. ही सुधारणा आहे, तिच्यावर मी टीका करणार नाही. परंतु दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो अंगठ्याने द्यायचा असतो. आमच्याकडे काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी काजूच्या सालीतल्या तेलाने जळून सोलवटलेली असते, चिरे काढणाऱ्यांचे अंगठे घासून गुळगुळीत झालेले असतात. यंत्रावर तीन-तीनदा अंगठा दाबूनही हिरवा दिवा लागत नाही. चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय आता झाली आहे, पण तिच्यासाठी मोबाइलला रेंज लागते, आणि रेंज मिळवण्यासाठी सत्तरीच्या बाईला सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर, नेऊन उभे करावे लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय रत्नागिरीला. मंडणगडहून सकाळच्या एसटीने निघालेला माणूस तिथे दुपारी पोचतो आणि साहेब दौऱ्यावर असले तर तसाच परततो. लष्करी रुग्णालय म्हणजे मुंबई, पुणे किंवा बेळगाव. यातली कुठलीच गोष्ट कोणाच्या दुष्टपणाने होत नाही, हे खरे आहे, आणि म्हणूनच ती सुधारायला पैशापेक्षा थोडा विचार पुरेसा आहे. जवान पेन्शनवर येण्याच्या आधी, तो पलटणीत असतानाच, त्याच्या बायकोच्या आधार कार्डाशी नोंदी ताडून पाहणे आणि वर्षातून एकदा कार्यालयाने तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवस येऊन बसणे, एवढ्याने माझ्याकडे येणारी निम्मी कामे बंद होतील, आणि त्याचा मला आनंदच होईल.

पेन्शनच्या रकमेचा प्रश्न वेगळा, आणि त्यात सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. एक हुद्दा, तेवढीच सेवा आणि तरी १९८८ मध्ये आलेल्याला एक पेन्शन आणि वीस वर्षांनी आलेल्याला दुसरी, हा अन्याय दशकानुदशके चालला होता. २०१५ च्या सप्टेंबरात 'समान हुद्दा, समान पेन्शन' जाहीर झाली आणि १ जुलै २०१४ पासून लागू झाली. वडिलांना तिचा लाभ जेमतेम वर्षभर मिळाला. त्या वर्षी त्यांनी नवे चप्पल घेतले आणि पोस्टात आईच्या नावाने खाते काढले. खात्यावर नाव लिहिले सुलभा.

याच्या उलट बाजूचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ठेवलेल्या सुमारे ६.८१ लाख कोटी रुपयांपैकी १.६१ लाख कोटी पेन्शनवर जातात, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, आणि तेवढी शस्त्रे कमी येतात. या आकड्यात संरक्षण खात्यातल्या मुलकी कर्मचाऱ्यांची पेन्शनही असते हे सहसा सांगितले जात नाही, पण ते सोडून दिले तरी आकडा मोठाच आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेली अग्निपथ योजना सैन्य तरुण ठेवण्यासाठी आणली असे सरकार सांगते. तो हेतू मी खोटा मानत नाही. उंचावरच्या चौकीवर बाविशीतला मुलगा आणि चाळिशीतला हवालदार यांच्या फुप्फुसांत फरक असणारच. पण योजनेच्या अटी वाचल्या तर गावासाठी त्यांचा अर्थ काय होतो ते स्पष्ट आहे. चार वर्षांनी शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना कायम करायचे. उरलेल्यांना सेवानिधी म्हणून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये द्यायचे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिक आरोग्य योजना नाही, कॅन्टीन नाही, आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही.

१८९२ शी याची तुलना मी जपून करतो. तेव्हा एका समाजाला जातीवरून बाहेर ठेवले. आज दार सर्वांना सारखे उघडे आहे. दोन्ही निर्णयांचा गावातला परिणाम मात्र एकाच ठिकाणी येऊन पोचतो: दरमहा येणारे, कोणाच्याही हातात नसलेले उत्पन्न पुढच्या पिढीच्या घरात येणार नाही. अकरा लाख ही थोडी रक्कम नाही, असे मला आमच्याच वाडीतले लोक सांगतात. ज्यांनी गावात एकरकमी पैसा येताना पाहिला आहे त्यांना त्याचे पाय ठाऊक असतात. चिरेबंदी घराचा चौथरा, बहिणीचे लग्न, काकांचे जुने कर्ज आणि डंपरचा पहिला हप्ता, एवढ्यात तो संपतो, कारण तो आला हे साऱ्या गावाला माहीत असते आणि तेविशीतल्या मुलाला नाही म्हणता येत नाही. महिन्याची पेन्शन कोणी उसनी मागत नाही. तिचा लहानपणा हेच तिचे संरक्षण असते.

काही जण विचारतात की, पेन्शनर मंडळी तरी गावात काय उजेड पाडतात. कॅन्टीनचा कोटा आणतात, बाटली जादा दराने खपवतात आणि ओटीवर बसून सरकारला शिव्या देतात. असे पेन्शनर मी पाहिले आहेत, एक तर नात्यातलाच आहे. पेन्शन मिळाली म्हणजे प्रत्येक जण वलंगकर होतो असा माझा दावा नाही. ज्याला उद्याच्या जेवणाची धास्ती नाही तो आळशीही होऊ शकतो. पण पाणंदीच्या अर्जावर सही करण्याची मोकळीक त्या बाटली विकणाऱ्यालाही असते, आणि बागेत राखणीला जाणाऱ्या सज्जनाला नसते. आपल्या गावांत अशी मोकळी माणसे किती उरली आहेत ते मोजून पाहावे. गिरण्या गेल्या, मनिऑर्डरी थांबल्या, कमावत्या वयाची माणसे मुंबई-पुण्याला गेली, आणि जी राहिली ती ठेकेदाराच्या, बागायतदाराच्या किंवा पुढाऱ्याच्या खालीच कामाला आहेत.

माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्यासारख्यांची आठवण ठेवायला समाज चुकत नाही. परत आलेल्याचा पुतळा होत नाही आणि होऊही नये. त्याच्या वाट्याला पुढची चाळीस वर्षे येतात आणि ती कोणत्या आधारावर काढायची, हा व्यवहाराचा प्रश्न असतो. अग्निवीरांना पूर्ण पेन्शन परवडत नसेल तर सेवानिधीची रक्कम एकरकमी न घेता सरकारने भर घालून दरमहा घेण्याचा पर्याय द्यावा, आणि चार वर्षे सीमेवर काढलेल्या मुलाला माजी सैनिक म्हणायला तर तिजोरीतून फारसे काही जात नाही. आमच्या वाडीतला एक मुलगा पहिल्या तुकडीत आहे. त्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून २०२७ च्या आरंभापर्यंत पुरी होतात. त्याची आई परवा त्याची कागदपत्रे घेऊन आली होती. आईचे नाव सगळीकडे सारखे लागले आहे ना, ते तिने माझ्याकडून तीनदा तपासून घेतले. ते बरोबर आहे. पंचवीस जणांत तो बसला नाही, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कोणत्या नोंदवहीत त्याचे नाव लिहायचे, याचे उत्तर आजच्या अटींत नाही, आणि ते मला तिला सांगावे लागले.